फायरफॉक्स: गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना

तहसील कचेरीसमोर आमचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो हे जोडधंदे. मुख्य काम फॉर्म भरायचं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्ती, सीईटी, पॅन, पीएफ, सातबारा. दिवसभर समोर एक माणूस बसलेला, त्याच्या खांद्यामागे दुसरा उभा, आणि दोघांचीही नजर माझ्या स्क्रीनवर. ब्राउझरची परीक्षणं वाचायला घेतली की त्यात वेगाचे तक्ते असतात, कुठलं पान किती सेकंदांत उघडलं त्याचे. आमच्याकडे पान कधी उघडणार हे पोर्टलचा सर्व्हर ठरवतो, ब्राउझरच्या हातात त्यातलं फार थोडं असतं. म्हणून वेगाबद्दल मी काही लिहीत नाही. एकाच संगणकावर अनेक अनोळखी माणसांची कामं करायची, एकाची माहिती दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायची नाही, आणि माउसला कमीत कमी हात लावायचा, एवढ्याच कसोटीवर फायरफॉक्स कसा उतरतो ते सांगते.

मत आधीच देऊन टाकते. या कामाला याहून बरा ब्राउझर मला मिळालेला नाही. पण एकट्या फायरफॉक्सवर केंद्र चालत नाही.

आमची ओळख जुनी. फायरफॉक्सची १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ला आली, तेव्हा या जागेत नेट कॅफे होता आणि मी तिथे बसायचे. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत टॅब नव्हते; प्रत्येक पानाला नवी खिडकी, आणि खाली पट्टीवर खिडक्यांची गर्दी. फायरफॉक्समध्ये टॅब मिळाले आणि मी तिकडे गेले. २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला, हळूहळू सगळं गाव तिकडे गेलं, मीही मधली काही वर्षं तिकडेच होते. परत आले ती ॲड्रेस बारसाठी आणि कंटेनरसाठी. बाकीच्या गोष्टी नंतर सापडल्या.

ॲड्रेस बारपासून सुरू करते, कारण लोक त्याला फक्त पत्ता टाकायची जागा समजतात. कंट्रोल-एल दाबलं की कर्सर तिथे जातो, हे सगळ्या ब्राउझरांत आहे. फायरफॉक्समध्ये पुढे काय करता येतं ते बघा. टक्क्याचं चिन्ह टाकायचं, एक स्पेस द्यायची आणि दोन-तीन अक्षरं लिहायची: त्या वेळी उघडे असलेले टॅबच तेवढे शोधले जातात, आणि एंटर मारला की त्या टॅबवर उडी. दुपारपर्यंत माझ्याकडे इतके टॅब उघडलेले असतात की वरच्या पट्टीत नुसती चिन्हं दिसतात, नावं दिसतच नाहीत. दोन टॅबांच्या मध्ये माउस घेऊन चाचपडण्यापेक्षा टक्का, स्पेस, 'शिष्य' असं लिहिलं की काम झालं. टक्क्याऐवजी तारका टाकली तर फक्त बुकमार्क शोधतो, आणि सहाच्या कळीवरचं टोपीसारखं चिन्ह टाकलं तर फक्त हिस्टरी. मागच्या आठवड्यात कुठल्या तरी पानावर शुल्कमाफीची यादी बघितली होती, पत्ता आठवत नाही, पण शीर्षकातला एक शब्द आठवतो, एवढ्यावर ते पान मिळतं.

यात मराठी माणसाला एक अडचण येते, ती इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायची कळांची मांडणी, चालू असेल तर शिफ्ट-पाचवर टक्का येत नाही, 'ज्ञ' येतो; शिफ्ट-आठवर तारकेच्या जागी 'श्र'. फायरफॉक्समध्ये पानावर कुठेही तिरपी रेघ दाबली की खाली झटपट शोधायची पट्टी उघडते, आणि एकेरी अवतरणचिन्ह दाबलं तर फक्त लिंकमध्ये शोध होतो. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळांवर 'य' आणि 'ट' बसलेत, म्हणजे दोन्ही शॉर्टकट गेले. कंट्रोलवाले शॉर्टकट मात्र मराठी कीबोर्डवरही बिनबोभाट चालतात. म्हणून मी सवय अशी लावून घेतलीय: मराठी टाइप करून झालं की लगेच विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीवर यायचं, मगच पुढचं काम. आमच्याकडे कामाला असलेला अक्षय हे विसरतो आणि मग ॲड्रेस बारमध्ये 'ज्ञ शिष्य' लिहून बसतो. "ताई, हे चालत नाही." चालतं रे, आधी खाली कोपऱ्यात बघ कुठली भाषा आहे ती.

बुकमार्कला कीवर्ड देण्याची सोयही ॲड्रेस बारशीच जोडलेली आहे. बुकमार्कांच्या व्यवस्थापनात, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-ओ मध्ये, बुकमार्क निवडला की खाली 'कीवर्ड' असा रकाना दिसतो. सातबाऱ्याच्या पानाला मी 'एसबी' दिलंय. कंट्रोल-एल, एसबी, एंटर, आणि पान समोर. त्याहून भारी म्हणजे बुकमार्कच्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्का आणि इंग्रजी एस (%s) लिहिता येतं. मराठी विकिपीडियावर काहीही शोधून त्या निकालाच्या पानाचा बुकमार्क करा, पत्त्यात जिथे तुमचा शब्द दिसतो तिथे टक्का-एस घाला, कीवर्ड 'व्ही' ठेवा. पुढे 'व्ही बार्शी' लिहिलं की थेट बार्शीचा शोध. एखाद्या साइटवर पत्त्यातून शोध जात नसेल तर तिथे हे जमत नाही, आणि सरकारी पोर्टलांपैकी बरीचशी त्यातलीच. पण जिथे जमतं तिथे हात कीबोर्डवरून उठत नाही. कंट्रोल-एंटरने शेवटी डॉट कॉम लागतं, त्याचा आम्हाला उपयोग शून्य. आमचं जग डॉट गव्ह डॉट इनचं.

आता कंटेनर. मी फायरफॉक्स ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून जरा सविस्तर.

एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसलीय. लॉगिन झालं, अर्ज अर्धा भरला, आणि ओटीपी तिच्या वडिलांच्या मोबाइलवर. वडील शेतात, फोन उचलत नाहीत. मागे दुसरा मुलगा उभा, त्यालाही तोच फॉर्म, त्याच पोर्टलवर. साध्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबमध्ये त्याचं लॉगिन केलं की मुलीचं सेशन उडतं, किंवा त्याहून वाईट, तिच्या अर्जात त्याची माहिती जाऊन बसते. बरेच केंद्रवाले इथे प्रायव्हेट विंडो, म्हणजे बंद केल्यावर माग न ठेवणारी खिडकी, उघडतात. एकापर्यंत ठीक आहे. पण तिसरा माणूस आला आणि दुसरी प्रायव्हेट विंडो उघडली, तर ती पहिलीपासून वेगळी नसते! उघड्या असलेल्या सगळ्या प्रायव्हेट विंडोंच्या कुकी, म्हणजे कोण लॉगिन आहे हे लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या नोंदी, एकच असतात, शेवटची विंडो बंद होईपर्यंत. म्हणजे तिसऱ्याला दुसऱ्याचं खातं दिसणार. हे फायरफॉक्सचंच नाही, क्रोमच्या इन्कॉग्निटोचंही असंच आहे, आणि या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसावं असं मला वाटतं.

कंटेनरमध्ये प्रत्येक टॅबला रंग असतो आणि प्रत्येक रंगाच्या कुकी वेगळ्या. त्यासाठी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचंच 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, टाकायचं. सुरुवातीला त्यात वैयक्तिक, काम, बँक, खरेदी असे कप्पे तयार मिळतात; मी ते काढून 'खुर्ची एक', 'खुर्ची दोन', 'उभे' असे केलेत. कंट्रोल-टिंबाने यादी उघडते, आणि कंट्रोल-शिफ्टसोबत एक, दोन, तीन दाबलं की थेट त्या त्या कप्प्यात नवा टॅब. मुलगी निळ्यात, मुलगा केशरीत, दोघांचं एकाच पोर्टलवर एकाच वेळी लॉगिन, कुणी कुणाला धक्का देत नाही. वडिलांनी फोन उचलला की निळ्या टॅबवर जायचं आणि ओटीपी टाकायचा. टॅबवरची रंगीत रेघ बारीक असते, म्हणून मी एकमेकांजवळ जाणारे रंग ठेवत नाही.

पण कंटेनरने काय होत नाही तेही नीट समजून घ्यायला हवं. कुकी वेगळ्या झाल्या. हिस्टरी, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड सगळ्या कप्प्यांना एकच राहतात. गिऱ्हाइकाची गुप्तता कंटेनरने राखली असं समजून निवांत बसलात तर चुकाल. दिवस संपला की मी कप्पे काढून टाकते आणि सकाळी नवे करते. कप्पा काढला की त्यातल्या कुकीही जातात. पासवर्ड साठवायचं विचारणंच सेटिंगमधून बंद केलंय. सेवा केंद्राच्या संगणकावर ते चालू ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या घराची किल्ली बाहेर खिळ्याला लावून ठेवणं.

पासवर्डपेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फॉर्मच्या रकान्यांची आठवण. रकान्यात कर्सर ठेवला की खाली आधी टाइप केलेले शब्द लोंबतात ना, ते. घरी ते सोयीचं. इथे आधार क्रमांकाच्या रकान्यात कर्सर ठेवला आणि खाली सकाळच्या गिऱ्हाइकाचा नंबर दिसला, समोरचा माणूस तो वाचतोय, अशी वेळ येऊ शकते. खालच्या बाणाने त्या ओळीवर जायचं आणि शिफ्ट-डिलीट दाबायचं. तेवढी एक नोंद जाते. कायमचा उपाय सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात आहे: शोध आणि फॉर्मची हिस्टरी लक्षात ठेवू नये असं सांगता येतं. आमच्या दोन्ही संगणकांवर ते बंद आहे. त्यामुळे गावाचं, तालुक्याचं नाव दर वेळी नव्याने टाइप करावं लागतं, ते परवडलं.

टूलबारमध्ये 'फर्गेट' नावाचं एक बटण आणता येतं. मुळात ते लपलेलं असतं; टूलबारवर उजवी क्लिक करून सजावटीच्या पानातून ओढून वर ठेवायचं. दाबलं की विचारतं: शेवटची पाच मिनिटं, दोन तास, की चोवीस तास? निवडलं की तेवढ्या काळातली हिस्टरी आणि कुकी साफ, सगळे टॅब आणि विंडो बंद, आणि एक कोरी विंडो समोर. हे बटण मला फार आवडतं, पण त्याला धरबंध नाही, दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाचा अर्धा भरलेला फॉर्मही ते घेऊन जातं. म्हणून ते फक्त शटर ओढायच्या वेळी. मधल्या वेळेला एखाद्याच साइटचा माग पुसायचा असेल तर हिस्टरीत त्या नोंदीवर उजवी क्लिक करून 'ही साइट विसर' असा पर्याय मिळतो. तो त्या साइटची हिस्टरी, कुकी, सगळं नेतो. त्यातही सगळ्या कंटेनरमधली लॉगिनं जातात हे ध्यानात ठेवा.

क्रोमवर हात बसलेल्यांना फायरफॉक्समधला एक शॉर्टकट दगा देतो, आणि आमच्या धंद्यात तो दगा महागात पडणारा आहे. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन म्हणजे इन्कॉग्निटो. फायरफॉक्समध्ये तेच दाबलं की नुकतीच बंद केलेली विंडो परत उघडते, सगळ्या टॅबांसकट. म्हणजे गुप्त खिडकी उघडायला गेलात आणि आधीच्या माणसाचं पान समोर! फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडोचा शॉर्टकट कंट्रोल-शिफ्ट-पी. नवीन मुलगा कामाला आला की त्याला मी पहिल्या दिवशी हाच शिकवते, बाकीचे नंतर.

बंद झालेला टॅब परत आणणारा कंट्रोल-शिफ्ट-टी दोन्हीकडे सारखाच, त्याबद्दल काय लिहायचं, ज्याला तो माहीत नाही त्याने आत्ताच दाबून बघावा. लाईट गेल्यावरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी. फायरफॉक्स मुळात दर पंधरा सेकंदांनी उघड्या टॅबांची स्थिती साठवत असतो, रकान्यांत टाइप केलेल्या मजकुरासकट. इन्व्हर्टरने दगा दिला आणि संगणक बंद पडला, तरी परत चालू केल्यावर टॅब येतात, आणि साध्या पानांवर लिहिलेलंही बरंचसं येतं. पोर्टलचं सेशन तेवढ्यात संपलेलं असेल तर फॉर्म परत पहिल्यापासून. ते ब्राउझरच्या हातात नाही.

स्क्रीनशॉटवर मी फिदा आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस दाबलं की पान मंद होतं आणि वर दोन पर्याय येतात: दिसतंय तेवढं, किंवा संपूर्ण पान. संपूर्ण म्हणजे खाली स्क्रोल करून जे दिसेल तेही सगळं, एका चित्रात. माउसने पानावरचा एखादा चौकोन निवडला तर तेवढाच भाग निघतो. याचं महत्त्व ज्याने पोर्टलवर पैसे भरलेत त्यालाच कळेल. खात्यातून पैसे कापले जातात, पोर्टलवर 'प्रक्रिया सुरू आहे' असं येतं, पावतीचं बटण निर्जीव. त्या क्षणी पूर्ण पानाचा फोटो काढून, त्यावरचा व्यवहार क्रमांक दिसतोय ना ते बघून, गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला की निम्मं भांडण मिटतं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढणारे केंद्रवाले मी बघते तेव्हा मला राहवत नाही. त्यात ट्यूबलाइटचा उजेड येतो, आकडे येत नाहीत.

सबमिट करायच्या आधी गिऱ्हाइकाला नाव दाखवणं हा आमचा नियम. मॉनिटर त्यांच्याकडे वळवायचा, कंट्रोल आणि अधिक तीन-चार वेळा.

"बघा आजोबा, नाव बरोबर हाय का?"

"चष्मा नाय आणला गं ताई."

अजून दोनदा अधिक. "आता?"

"हां, आता दिसतंय. 'वि' ऱ्हस्व पायजे. शाळेच्या दाखल्यावर ऱ्हस्व हाय."

कंट्रोल-शून्याने पान परत मूळ मापावर. इतकं मोठं केलं की काही पोर्टलांची मांडणी कोलमडते, बटणं एकमेकांवर चढतात. त्यासाठी 'फक्त मजकूर मोठा करा' असा पर्याय मेनूत आहे, तो चालू केला की चित्रं आणि चौकटी जागेवर राहतात. कुठल्या साइटवर किती मोठं केलं होतं ते फायरफॉक्स लक्षात ठेवतो, त्यामुळे पुढचा तरुण गिऱ्हाईक आला की त्याला एवढाली अक्षरं बघून हसू येतं.

अजून एक गोष्ट, जी फायरफॉक्समध्ये आहे आणि क्रोममध्ये मला कधी दिसली नाही. पानावर तक्ता असेल, समजा कॉलेजं आणि त्यांचे कटऑफ, आणि तुम्हाला त्यातला एकच उभा रकाना हवाय. कंट्रोल दाबून धरा आणि त्या रकान्यातून माउस वरून खाली ओढा. फक्त तेवढ्याच चौकटी निवडल्या जातात. कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवल्या की एकाखाली एक बसतात. तशीच कंट्रोल दाबून धरून वेगवेगळ्या परिच्छेदांतली वाक्यंही एकाच वेळी निवडता येतात. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, "या टक्क्याला सोलापुरात काय मिळेल?" तेव्हा तक्ता नीट तक्त्यासारखा दिला असेल तर उत्तर पटकन निघतं. पीडीएफ असेल तर ही युक्ती चालत नाही.

पीडीएफचं नाव निघालंच आहे तर. फायरफॉक्समध्ये पीडीएफ थेट उघडते, आणि २०२२ पासून त्यावर मजकूर टाकता येतो, पेनाने खरडता येतं. नंतर चित्र चिकटवायची सोयही आली. फोटो-सहीवाला अर्ज भरायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. छापताना पानांची मांडणी बघून घ्या, कधी कधी कडेचा मजकूर कापला जातो. कंट्रोल-एफने गिऱ्हाइकाचं नाव शोधायला गेलात आणि यादीत नाव डोळ्यांना दिसत असूनही 'सापडलं नाही' असं आलं, तर ब्राउझरला बोल लावू नका. ती यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. आपल्याला 'पाटील' दिसतं, संगणकाला भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. अशा वेळी नावाऐवजी अर्ज क्रमांक शोधायचा.

काही पोर्टलांनी उजवी क्लिक बंद करून ठेवलेली असते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. शिफ्ट दाबून धरून उजवी क्लिक केली की फायरफॉक्स स्वतःचा मेनू दाखवतो, पोर्टल काहीही म्हणो. पेस्ट बंद केलेली असेल तर तीही आतल्या सेटिंगमधून मोकळी करता येते. मी ती केलेली नाही. बँक खात्याचा नंबर दुसऱ्यांदा हाताने टाइप करायला लावतात त्यामागे कारण आहे. चुकलेला आकडा कॉपी केला तर दोन्हीकडे तोच चुकलेला आकडा जातो, आणि शिष्यवृत्ती भलत्याच्या खात्यात.

जाहिराती रोखायला युब्लॉक ओरिजिन टाकलंय. आमच्याकडे ती चैन नाही, गरज आहे. पॅन कार्ड शोधलं की वरच्या निकालांत सरकारी वाटणारी पण खासगी पानं जाहिरात म्हणून येतात, आणि फॉर्म डाउनलोड करायच्या पानावर खरं डाउनलोडचं बटण कुठलं हे ओळखायला वेळ जातो. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले, त्यानंतर तिथे युब्लॉक ओरिजिन चालत नाही, त्याची कमी ताकदीची 'लाइट' आवृत्तीच चालते. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवलीय. फक्त एवढं करा, पैसे भरायचं पान अडकलं तर त्या साइटपुरतं ते बंद करून बघा.

तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: काही पोर्टलं फायरफॉक्सवर अर्धवट चालतात. फॉर्म भरेपर्यंत सगळं छान, आणि शेवटचं बटण दाबलं की काहीच होत नाही. काही ठिकाणी तर स्पष्ट लिहिलेलंच असतं की क्रोम वापरा. अंगठ्याच्या मशीनची आणि डिजिटल सहीची कामं मी फायरफॉक्सवर करायच्या भानगडीत पडत नाही. दोष बहुतेक वेळा पोर्टल बनवणाऱ्यांचा, त्यांनी एकाच ब्राउझरवर तपासलेलं असतं. पण समोर बसलेल्या माणसाला त्याच्याशी काय घेणं? त्याला आज दाखला हवाय. म्हणून दुसरा ब्राउझर ठेवावाच लागतो.

दुसरी: मोझिलाचं चित्त थाऱ्यावर नसतं. पुढे वाचायला पानं साठवून ठेवणारी पॉकेट ही सेवा त्यांनी आधी ब्राउझरमध्ये बसवली, मग विकत घेतली, आणि ८ जुलै २०२५ ला बंद केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वापराच्या अटी आणल्या, लोक भडकले, मग शब्द बदलले. कंपनीचा बराचसा पैसा गूगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याबद्दल गूगलकडूनच येतो, आणि ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच पैशावर घर चालतंय हे मला खटकतं. बाजूच्या पट्टीत एआय चॅटबॉट बसवलेत, ते मी बंद केलेत. गिऱ्हाइकाची कागदपत्रं उघडी असताना मला तिथे कुणी तिसरा नको. चांगल्या गोष्टी मात्र उशिरा येतात. टॅब उभ्या यादीत दाखवायची सोय मार्च २०२५ मध्ये आली, दुसऱ्या ब्राउझरांत ती कितीतरी आधी होती. आली ते बरं झालं. उभ्या यादीत टॅबांची नावं पूर्ण वाचता येतात आणि कंटेनरचा रंगही ठळक दिसतो.

मेमरी? खातो. आठ जीबीच्या संगणकावर पन्नास टॅब उघडले तर कुठलाही ब्राउझर खाणार.

जुन्या संगणकांबद्दल एक वाक्य. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ सोडलं, मोझिलाने ११५ क्रमांकाच्या विशेष आवृत्तीला त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्या देणं चालू ठेवलं. खेड्यांतल्या केंद्रांत अजून असे संगणक आहेत, त्यांना याचा आधार झाला. तरी पैशाचे व्यवहार त्या संगणकावर करू नयेत असंच मी सांगेन.

मेनू मराठीत मिळतो आणि मराठी चांगलं आहे. मी इंग्रजीच ठेवलाय, अक्षयला उद्या दुसरीकडे नोकरी लागली तर तिथे इंग्रजीच असणार.

घरी एकट्याने ब्राउझर वापरणाऱ्याला, ज्याचं सगळं एकाच खात्यावर चालतं, त्याला बदलायला मी सांगणार नाही. त्याला फरक पडेल तो जाहिरातींचा, बाकी फारसा नाही. पण तुमचं केंद्र असेल, शाळेच्या कार्यालयात वीस मुलांची लॉगिनं सांभाळत असाल, किंवा सीएच्या ऑफिसात एका पोर्टलवर अनेक अशिलांची खाती उघडत असाल, तर फायरफॉक्स आणि कंटेनर्स आजच टाका. फुकट आहे. पहिल्या दिवशी पासवर्ड साठवणं आणि फॉर्मची आठवण बंद करा, फर्गेटचं बटण वर आणा, कप्प्यांना तुमच्या खुर्च्यांची नावं द्या. आणि क्रोम काढून टाकू नका, अंगठ्याचं मशीन त्यालाच जोडलेलं राहू द्या.